मोहनबाईंचे दोन कॅमेरे आणि त्यांचे वारस

मी, मोहनबाई इंदरचंद ओस्तवाल, वय बहात्तर, धंदा पूर्वी घरकाम आणि आता फोटो काढणे, राहणार जळगाव, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, दुपारचे जेवण झाल्यावर पंख्याखाली बसून लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. तसे डॉक्टर ऋतिकांचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. हे लिहिण्यासाठी मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट लिहू नये म्हणून दोघे येऊन गेले, त्यांना चहा देऊन परत पाठवले. वकील तेजस बोरसे यांनी आधी एक मसुदा करून दिला होता. त्यात सगळे कायदेशीर होते, फक्त मी कुठेच नव्हते. म्हणून पुन्हा लिहायला घेतले. "आजी, मृत्युपत्रात एवढं सांगायची गरज नसते," असे ते म्हणाले. गरज त्यांना नसेल.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. जळगावचे राहते घर माझ्या नावावर आहे. ते माझ्या पश्चात माझा एकुलता एक मुलगा तरुण यास मिळावे. गच्चीवरची पाण्याची टाकी गळते, ती त्याने पहिल्याच आठवड्यात बदलावी. माझ्या हयातीत बदलली तर ही ओळ रद्द समजावी.

२. शिरपूरची जुन्या दुकानाची जागा माझा नातू मनन यास द्यावी. या दुकानात माझे यजमान कै. इंदरचंद बसत. डोंगराकडच्या गावांतून लोक चारोळी, डिंक, मोहाची फुले घेऊन येत. मी लग्न होऊन आले तेव्हा मला मारवाडीशिवाय काही बोलता येत नव्हते. डिंक घेऊन येणारी रुपली माझ्याच वयाची होती, तिच्या घरची बोली आणखी वेगळी. आम्ही दोघी दुकानाच्या मागच्या ओसरीत बसून मोडकी अहिराणी बोलू लागलो आणि त्याच भाषेत आमची जन्माची मैत्री झाली. मननने त्या जागेत स्टुडिओ काढावा की दुसरे काही, हे त्याने ठरवावे. तरुणने ठरवू नये. डाळीच्या धंद्याला घरात तो एक पुरेसा आहे.

३. माझे सर्व दागिने नात पलक हिला. पलकने दागिन्यांऐवजी माझा लहान कॅमेरा मागितला होता. पुण्याच्या कॉलेजात सध्या असे जुने कॅमेरे गळ्यात अडकवून फिरण्याची फॅशन आहे म्हणे. दहा वर्षे हीच मुलगी त्याला 'दादीचा साबण' म्हणत होती. पलक बेटा, दागिने घे.

४. लहान कॅमेरा. हा चांदीच्या रंगाचा, खिशात मावणारा साधा डिजिटल कॅमेरा यजमानांनी शिखरजीच्या यात्रेला निघताना घेतला होता. त्या यात्रेत त्यांनी बहुतेक स्वतःच्या अंगठ्याचे फोटो काढले आणि घरी आल्यावर "हे तूच सांभाळ" म्हणून तो माझ्या हातात दिला. तेव्हापासून तो माझ्या बटव्यात आहे.

त्याचे गुणदोष लिहून ठेवते, म्हणजे घेणारा फसणार नाही. बटण दाबल्यावर तो जरा विचार करतो. त्यामुळे मननच्या शाळेतल्या धावण्याच्या शर्यतीचे माझ्याकडे जे फोटो आहेत, त्यांत फक्त मैदान आहे. संध्याकाळ झाली की फोटोत राळे सांडल्यासारखे ठिपके येतात. फ्लॅश मारला तर माणूस पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा दिसतो. पण त्याला कोणत्याही खेड्यातल्या किराणा दुकानात मिळणारे सेल चालतात आणि तो समोर धरला तरी कोणी पदर सावरत नाही, कोणी मान ताठ करत नाही. लोक आधी कॅमेऱ्याला हसतात, मग हसतच राहतात. रुपलीचे तरुणपण गेल्यानंतरचे, पण सगळेच्या सगळे हसरे फोटो याच कॅमेऱ्याचे आहेत.

हा कॅमेरा माझी धाकटी जाऊ पुष्पाबाई हिला द्यावा. तिच्या मुलीच्या लग्नात मी काढलेल्या प्रत्येक फोटोत तिचे डोके कापले गेले, असे ती जळगावातल्या सगळ्या नात्यात सांगत फिरली. प्रत्येक फोटोत नव्हते. तरी आता तिनेच तो हातात धरावा आणि माणसांची डोकी चौकटीत बसवून दाखवावीत. पुष्पा, तुझ्याशी भांडताना माझा वेळ फार चांगला गेला. सेल नवे घालून देण्यास मी पलकला सांगितले आहे.

५. मोठा कॅमेरा. तेजस वकील म्हणतात की हे कलम सर्वांत स्पष्ट हवे, म्हणून सविस्तर लिहिते.

माझ्या सत्तरीला तरुणने मला मिररलेस कॅमेरा भेट दिला. लग्नाचे फोटो काढणारे व्यावसायिक लोक वापरतात तसला, दोन लेन्स आणि खांद्यावरच्या बॅगेसकट. निवड मननची, तो जळगावात हाच धंदा करतो. "दादी, आता तो डबा फेका," तो म्हणाला. मी डबा फेकला नाही, पण हा कॅमेरा शिकले. महिनाभर माझा खांदा दुखला. बॅटरी त्याची स्वतःचीच लागते आणि डोंगरात लाइट गेली की तो नुसता दगड. पण त्याला डोळा लावला की समोरच्या माणसाचे डोळे तो आपणहून शोधतो. दिव्याच्या उजेडात दिसते ते सगळे त्याला दिसते, आणि मला दिसत नाही तेही दिसते. मोतीबिंदू झालेल्या बाईला याहून चांगला सोबती मिळणार नाही. दोन्हींत सरस कोणता, असे मला सगळे विचारत. वर्षभर मी लहान्याचीच बाजू घेत होते.

गेल्या फेब्रुवारीत रुपलीच्या मुलाचे, बादलचे लग्न झाले. शिरपूरच्या वर, डोंगराच्या पायथ्याशी त्यांचे गाव आहे. मनन मला गाडीतून घेऊन गेला. तो त्याच्या कॅमेऱ्याने मांडवात फोटो काढत होता, मी माझ्या लहान्याने बायकांत फिरत होते. मोठा कॅमेरा रुपलीच्या घरात खाटेवर ठेवला होता. मनन सकाळपासून रुपलीचा एक चांगला फोटो मिळावा म्हणून धडपडत होता, पण तो समोर आला की ती खांबासारखी उभी राही.

पंगत बसली तेव्हा रुपलीची मुलगी सुनिता हिने तो कॅमेरा उचलला. सुनिता शिरपूरला बी.ए. झालेली आहे, घरची शेती बघते. मी तिला आदल्या दिवशी थोडे दाखवले होते. तिने दारात उभ्या असलेल्या आईकडे कॅमेरा रोखला आणि रुपली कडाडली, "ठेव ते! पडी जाई नं फुटी जाई!" बोलून तिने ओठ दातात धरला, तेवढ्यात फोटो निघाला.

आठ दिवसांनी आम्ही मोठे प्रिंट काढून परत गेलो. रुपलीने तो फोटो हातात घेतला आणि चेहऱ्यावरून बोट फिरवू लागली. कपाळावरची प्रत्येक रेघ, वर गेलेली भुवई, दातात धरलेला ओठ, सगळे त्यात होते. मननला वाटले, तिला वाईट वाटले. तो म्हणाला, "मावशी, मी सुरकुत्या काढून देतो. दोन मिनिटांचं काम आहे."

"हात नको लावू," रुपली म्हणाली. "हाई मी नही. हाई मनी माय शे."

रुपलीची आई ती लहान असतानाच वारली. तिचा एकही फोटो नाही. रुपली म्हणाली, आईचा चेहरा मी विसरून गेले होते, फक्त ती रागावायची ते आठवत होते. ती अशीच रागवायची, भुवई वर करून. मग तिने मामाला बोलावून आणले. सिंगामामा फार म्हातारे, काठी टेकत आले. त्यांना कोणी काही सांगितले नाही. त्यांनी फोटो उन्हात धरला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "हाई तं मनी बहीण शे. कोठे सापडनी?"

तो फोटो आता रुपलीच्या घरात तिच्या आईचा म्हणून लावलेला आहे. त्याला हार आहे. रुपली त्याच्याखाली बसून जेवते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते की माझी आई जरा तापट होती.

गावातले सगळे मननची तारीफ करू लागले. तो हात वर करून म्हणाला, "थांबा. हा फोटो माझा नाही, सुनिताताईंचा आहे. मी शेकडो लग्नांचे फोटो काढले, मला असा एकही मिळालेला नाही." परतताना गाडी तोच चालवत होता. चोपडा मागे पडल्यावर म्हणाला, "दादी, मी आजवर किती जणांच्या आया पुसून टाकल्या असतील?" मी त्याला लाडू दिला. दुसरे काय देणार?

मोठा कॅमेरा मी सुनिताला दिला. आता आसपासच्या गावांत लग्न असले की तिला बोलावणे येते. तरुणला हे लागले. तो म्हणाला, "आई, मी तुझ्यासाठी आणला होता. तू देऊन टाकलास?" मी म्हटले, "बेटा, तू मला सत्तराव्या वर्षी नवीन काही शिकायला लावलंस. ते मी कोणाला दिलेलं नाही, ते माझ्याकडेच आहे." तो हसला नाही. पण पुढच्याच महिन्यात जे घडले त्यात तोच सर्वांत पुढे होता.

सुनिता इथे जळगावातल्या एका स्टुडिओत प्रिंट काढायला गेली. मालकाने कॅमेरा पाहिला, तिची साडी पाहिली आणि विचारले, "हा कोणाचा उचललास?" कॅमेरा काउंटरच्या आत ठेवून घेतला. तिने मला फोन केला. ती रडत नव्हती, नुसती मोठ्याने श्वास घेत होती. "मावशी, मी इथून हलत नाही. तुम्ही याच्याशी बोला." मी चप्पल शोधेपर्यंत तरुणने गाडी काढली. त्या दुकानात शिरून माझा मुलगा, जो भाजीवाल्याशी घासाघीस करायलाही लाजतो, मोठ्या आवाजात म्हणाला, "हा कॅमेरा माझ्या बहिणीचा आहे. आधी तिची माफी माग, मग कॅमेरा दे." मालकाने तसेच केले, आणि प्रिंटही चांगले काढून दिले. येताना सुनिताने तरुणला भाऊ म्हणून हाक मारली. यंदा राखीला ती जळगावला आली.

म्हणून मी निःसंदिग्ध शब्दांत लिहून ठेवते की सदर मिररलेस कॅमेरा, दोन्ही लेन्स, बॅटऱ्या, चार्जर व बॅग यांची मालकी सुनिता हिची आहे. ही वस्तू चोरीची नाही, उसनी नाही आणि दयेने दिलेली नाही. तिचा हात चांगला आहे म्हणून दिली आहे. माझ्या पश्चात माझ्या कोणत्याही नातेवाइकाने, भाऊबंदाने किंवा दुकानदाराने तिला त्याबद्दल विचारू नये. विचारल्यास या कागदाची नक्कल दाखवावी. तेजस वकिलांनी अशा तीन नकला करून द्याव्यात.

आता दोन्हींत सरस कोणता, याचे उत्तर. लहान्याने मला माणसे हसताना दिली, मोठ्याने रुपलीला तिची आई दिली. यापुढे मला हा प्रश्न विचारू नये.

६. माझ्या मागे मोठे जेवण घालू नये, वर्तमानपत्रात माझा फोटो छापू नये. तिथे छापलेले सगळे सारखेच दिसतात.

७. माझे डोळे दान करावेत. मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले असले तरी चालते, असे डॉक्टर ऋतिकांनी सांगितले आहे. तरुणने लगेच, पहिल्या काही तासांतच, दवाखान्यात फोन करावा. रडणे नंतर करावे. वर मी जवळजवळ प्रत्येक कलमात काही ना काही अट घातली आहे. ज्यांना हे डोळे मिळतील त्यांनी त्यांतून काय पाहावे, याबद्दल माझी कोणतीही अट नाही.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः मोठ्याने वाचला आणि तो मला पसंत आहे.

ठिकाण : जळगाव
दिनांक : २५ नोव्हेंबर २०२५

(सही) मोहनबाई इंदरचंद ओस्तवाल

साक्षीदार, ज्यांना या मृत्युपत्रातून काहीही मिळणार नाही व ज्यांनी माझ्यासमक्ष आणि एकमेकांसमक्ष सही केली :

१. (सही) पितांबर उखा सोनवणे, निवृत्त रेल्वे गार्ड, भुसावळ
२. (सही) डॉ. ऋतिका भिकन महाले, जळगाव