पडद्याच्या पुढची खुर्ची

रिसाली, भिलाई
दिवाळीनंतरचा सोमवार

तीर्थरूप नलूताईस,

धाकट्या रत्नाचा इथूनच वाकून नमस्कार. फकिराभाऊजींनाही माझा नमस्कार सांग अन् त्यांच्या गुडघ्याला तेल लावणं सुरू आहे की बाटली नुसती खिडकीत उभी आहे, ते खरं खरं कळव. तुझी शुगर कशी आहे? (मागच्या वेळी तू सांगितलेला आकडा अन् भाऊजींनी सांगितलेला आकडा यात फार अंतर पडलं होतं, म्हणून विचारते.) इकडे आम्ही खुशाल. सकाळी गारवा सुटला आहे, रुआबांध्याच्या बाजारात नवे वाटाणे आले आहेत अन् रश्मीचे बाबा गच्चीवर कुंड्यांत मेथी लावून दिवसातून चारदा ती उगवली का ते पाहायला जातात. एकंदरीत बरं चाललं आहे.

पत्र लिहायला बसले याचं कारण असं की फोनवर मी विमानाचं नाव काढलं की गोंदियाची रेंज नेमकी तेव्हाच जाते. हळदीचा भाव विचारला की परत येते. तुझंही बरोबर आहे म्हणा. उभा जन्म रेल्वेच्या क्वार्टरात काढलेला, नवरा गार्ड, तेव्हा गाडीखाली रूळ दिसले पाहिजेत असं तुला वाटणारच. पण मे महिन्यात आम्ही रश्मीचं नवं घर पाहायला दुबईला जाऊन आलो (भिलाईच्या उन्हातून दुबईच्या उन्हात, असा आमचा हवापालट), त्याची हकीगत तू अजून पुरती ऐकूनच घेतली नाहीस. अन् त्यात मुख्य गोष्ट अशी आहे की तुझी ही बहीण विमानाच्या फर्स्ट क्लासमधून गेली. आपल्या माहेरात असं कोणी केलेलं नाही. म्हणून सगळं नीट लिहिते. कधी तुझ्यावर ती वेळ आली तर माझ्यासारखी फजिती व्हायला नको.

तिकिटं आमची साधीच होती. रायपूरहून मुंबईला पोचलो अन् दुबईच्या विमानाच्या काउंटरवर रांगेत लागलो. तिथल्या मुलीनं बराच वेळ कॉम्प्युटरकडे पाहिलं, मग मॅनेजरला बोलावलं, मग दोघांनी आमच्याकडे पाहिलं. मला वाटलं, बॅगेतले डिंकाचे लाडू दिसले. पण तसं नव्हतं. मागचा वर्ग जास्तच भरला होता अन् पडद्याच्या पुढे फर्स्ट क्लासला एकच खुर्ची रिकामी होती, तर तुमच्यापैकी एकजण तिथे बसाल का, असं ती विचारत होती. पैसे काही लागणार नव्हते. रश्मीचे बाबा स्टील प्लांटात रेल मिलच्या मेंटेनन्सला होते हे तुला माहीतच आहे. फुकट मिळालेला नटबोल्टसुद्धा ते उलटसुलट करून पाहतात. त्यांनी मला बाजूला घेतलं अन् हळूच म्हणाले, "फुकट कावून देऊन राहिले हे?" मी म्हटलं, तुम्हीच जा, तुमची कंबर दुखते. तर म्हणाले, "तू जा. पुढून इंजिन दिसत नाही. कोणीतरी लक्ष ठेवाले पाहिजे."

अन् मागे जाऊन बसलेसुद्धा, पंखाजवळच्या खिडकीत, डोक्यात मंकी कॅप घालून. (विमानात फार गार असतं असं त्यांना शेजारच्या अरुणकुमारनं सांगितलं होतं. भिलाईहून निघालो तेव्हा चाळीसच्या वर होतं.) घाईत पिशव्यांची अदलाबदल झाली. पुऱ्यांचा डबा त्यांच्याकडे राहिला अन् त्यांचं कमरेचं मलम माझ्याकडे आलं.

आता खुर्चीचं सांगते. ताई, ती खुर्ची नाहीच, खोली आहे. सेक्टर सहाच्या आमच्या क्वार्टरात देवघराला जेवढी जागा होती त्याच्या दुप्पट जागा एका माणसाला, अन् त्याला सरकतं दार. समोर आपल्या बैठकीतल्यापेक्षा मोठा टीव्ही, बाजूला छोटं कपाट, त्यात थंड पाण्याच्या बाटल्या, आरसा, अन् एक दिवा जो कशासाठी आहे ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. गेल्या गेल्या गरम ओला रुमाल देतात. तो तोंड पुसण्यासाठी असतो. मी तोंड पुसलं, मान पुसली, अन् रुमाल अजून गरम होता म्हणून समोरचं टेबल अन् खिडकीची कडही पुसून घेतली. वाया कशाला घालवायचा? मग खजूर देतात अन् एवढ्याशा कपात पिवळसर कॉफी. तिला वेलचीचा वास येतो अन् चव काढ्याची. पिऊन टाकायची, कप हलवायचा. न हलवता नुसता पुढे केला तर अरबांच्या रीतीप्रमाणे आणखी पाहिजे असा अर्थ होतो. हे मला तिसऱ्या कपानंतर कळलं.

बटणांपासून मात्र सांभाळून राहा. मी दिवा लावायला म्हणून एक बटण दाबलं तर दार सरकून बंद झालं. उघडायचं कसं ते समजेना. हाक मारावी तर आजूबाजूला सगळी मोठी माणसं, शांत बसलेली. मला वाटलं, विमान वर जाईपर्यंत प्रत्येकाला असं कोंडून ठेवत असतील, म्हणून मांडीवर हात ठेवून बसून राहिले. शेवटी भिंतीवरून एका मुलीनं डोकावलं. तिचं नाव उन्नती, छातीवर पाटी होती. माझ्याशी आधी इंग्रजीत बोलली, मग हिंदीत, अन् मी "बाई गं" म्हटल्याबरोबर खाली वाकून म्हणाली, "काकू, तुम्ही कुठल्या जी? मी नागपूरची." ताई, मला इतकं हायसं वाटलं की तेव्हाच उतरून घरी परत जायला सांगितलं असतं तरी चाललं असतं. तिनं दार उघडून दिलं, पट्टा लावून दिला, अन् काही लागलं तर हे बटण, असं एक चौथंच बटण दाखवलं.

विमान उडालं तेव्हा मी डोळे मिटले होते, त्यामुळे त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. वर गेल्यावर पाठ जरा मागे घ्यावी म्हणून खुर्चीचं बटण दाबलं तर ती थांबेचना. हळूहळू लांब होत गेली अन् मी पूर्ण आडवी. हातात संत्र्याच्या रसाचा भरलेला ग्लास. तो सांडू नये म्हणून मी हात वर सरळ धरून पडून राहिले, सलाइनची बाटली वर धरतात तसा. उन्नतीनं येऊन आधी ग्लास घेतला, मग मला उठवलं. हसली नाही. चांगल्या घरची मुलगी.

मग तिनं मला मेन्यूचं जाड पुस्तक दिलं अन् विचारलं, "काकू, तुम्हाला जेवायचं कधी?" मी म्हटलं, सगळे जेवतील तेव्हा. तर ती म्हणाली, इथे तसं नसतं, ज्याला जेव्हा वाटेल तेव्हा आम्ही आणतो. ताई, या प्रश्नाचं उत्तर मला देताच येईना. लग्नापासून मी यांच्या शिफ्टप्रमाणे जेवले. फर्स्ट शिफ्ट असली की दुपारी तीनला, सेकंड शिफ्ट असली की डबा भरून देऊन मग, नाईट असली की हे झोपून उठले की. नंतर मुलांच्या शाळेप्रमाणे, अन् आता रिटायर झाल्यावर यांच्या गोळीप्रमाणे. तुला भूक कधी लागते, असं कोणी विचारलं नव्हतं. कोणी मुद्दाम विचारलं नाही असं नाही, कोणाला सुचलंच नाही, मलाही नाही. उन्नतीला वाटलं, मला ऐकू आलं नाही, म्हणून तिनं पुन्हा विचारलं. मग मी पोटाकडे लक्ष देऊन थोडा विचार केला अन् म्हटलं, आत्ताच लागली आहे.

जेवण पांढऱ्या कापडावर, काट्याचमच्यांच्या दोन-दोन जोड्या, मिठा-मिरीच्या बाटल्या अंगठ्याएवढ्या. पनीर होतं, डाळ होती, एक हिरवा पाला होता. सगळं चांगलं, पण तिखट म्हणून नाही. मला आमच्या डब्याची आठवण झाली, अन् डब्यावरून डबा ज्यांच्याकडे होता त्यांची. ते मागे काय खात असतील? मी उन्नतीला विचारलं, माझ्या वाटचे खजूर अन् मिठाई मागे पोचवता येईल का? तशी पद्धत नाही म्हणाली, पण पाहते म्हणाली. यजमानांचं नाव काय, कुठे बसलेत? आता नंबर मला आठवेना, अन् नाव तर तुला माहीत आहे, मी घेत नाही. मी सांगितलं, पंखाजवळ मंकी कॅप घातलेला एकच माणूस असेल. तिला सापडले.

थोड्या वेळानं ती परत आली. हातात चांदीच्या रंगाचं तबक, त्यात सोनेरी काठाची बशी, बशीवर घडी केलेला रुमाल. रुमाल उचलला तर आमच्या दोन तिखट पुऱ्या अन् बाजूला ठेचा. उन्नती गंभीरपणे म्हणाली, "काकांनी दिल्या. अन् सांगाले लावलं, इंजिन बरोबर चालून राहिलं."

मी तिथेच त्या दिव्याच्या उजेडात एक पुरी खाल्ली. तेवढ्यात पलीकडच्या खोलीतले एक गृहस्थ, जे खुर्चीला पाठ टेकवल्यापासून झोपलेले होते (त्यांचं जेवण बुडणार म्हणून मला मघापासून वाईट वाटत होतं), ते वासानं उठून बसले. लुधियानाकडचे मोठे कारखानदार असावेत, बोटात चार अंगठ्या. त्यांनी उन्नतीला मेन्यू मागितला, पुढून मागे अन् मागून पुढे पाहिला, अन् बाईंनी मागवलेला तो पदार्थ कोणत्या पानावर आहे असं विचारलं. मग मी उरलेली पुरी त्यांना दिली. त्यांनी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ठेचा खाल्ला अन् म्हणाले, पुढच्या वेळी हेच मागवीन.

आता मुख्य धोरण सांगते, लक्षात ठेव. दुबई जवळ आहे. नागपूरहून भिलाईला गाडीनं यायला जितका वेळ लागतो, त्याहून कमीच लागतो. दूरच्या विमानात म्हणे रात्रीचे कपडे देतात, अंघोळीचीही सोय असते, आपल्या वाटेवर ते नाही. तेव्हा जेवायचं की झोपायचं ते आधीच ठरवावं. मी दोन्ही करायला गेले. जेवण झाल्यावर उन्नतीनं गादी घातली, पांघरूण दिलं, दिवे मंद केले, अन् मी कूस बदलते तोच विमान खाली यायला लागलं अन् तिनं येऊन गादी उचलली. नंतर खाईन म्हणून ठेवलेली माझी खीर तशीच राहिली.

उतरल्यावर मी बाहेर थांबले, मागून हे आले, टोपी अजून डोक्यात. चेहरा इतका खूश की मला वाटलं, यांनाही पुढे बसवलं की काय. पण यांचा डबा मागच्या तीन रांगांत फिरला होता. एक केरळी नर्स, दोन गवंडी अन् कोणाचं तरी रडणारं लेकरू, सगळ्यांशी ओळखी झाल्या होत्या. मला विचारलं, कसं होतं? मी म्हटलं, सगळं फार चांगलं होतं, पण बोलायला कोणी नव्हतं. तर थोडा वेळ माझी पिशवी हातात घेऊन चालले अन् म्हणाले, "मागं माझ्या बाजूले जागा होती, मी कोणाले बसू दिलं नाही." विमान भरलेलं होतं, ताई, जागा कुठून असणार? पण मला बरं वाटलं. रश्मी काचेपलीकडून हात हलवत होती.

असा प्रवास झाला. भाऊजींना वाचून दाखव. तुझी प्रकृती जप.

तुझी,
रत्ना

ता. क. रश्मीला दिवस गेले आहेत ते मी तुला फोनवर सांगितलंच. माघात तारीख आहे. हे येऊ शकत नाहीत, त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन नेमकं तेव्हाच आहे, त्यांच्याजवळ अरुणकुमार अन् त्याची बायको राहणार. म्हणजे मला एकटीनं जावं लागेल. मी वर इतकं सगळं लिहिलं, पण एकटी म्हटलं की मी बॅग खाली काढते अन् परत माळ्यावर ठेवते.

ता. क. २. तुझ्या पासपोर्टचे कागद मी भाऊजींकडून आधीच मागवून घेतले आहेत. त्यांना रागावू नको, मीच सांगू नका म्हटलं होतं. तिकीट साधं आहे, मागच्या वर्गातलं, दोघींचं शेजारी-शेजारी.

ता. क. ३. रश्मीनं काल फोनवर सरळ विचारलं, आई, बाळाला पायावर घेऊन अंघोळ घालता येते का तुला? मी हो म्हटलं. पण तुला माहीत आहे, निखिल अन् रश्मी दोघांनाही सेक्टर नऊच्या दवाखान्यातून घरी आणल्यापासून तूच पाटावर बसून न्हाऊ घालायचीस, अन् मी बाजूला टॉवेल धरून उभी राहायची. आता शिकायला उशीर झाला. तू ये. टॉवेल मी धरीन.