वरचा थर बाकी आहे

ती. बाबांना धांदरट लेकीचा नमस्कार.

मी मजेत आहे, वेळेवर जेवते. तुम्ही दिलेला चार थरांचा क्यूब अखेर जमला! तुम्ही शिकवलेल्या छोट्या क्यूबमधला मधला रंग जागचा हलत नाही, इथे तोही आपणच जुळवायचा. मी पांढऱ्याशेजारीच पिवळा बसवला आणि आठवडाभर डोकं धरून बसले. खोलीतली मैत्रीण हसली, "अगं बाई, ते समोरासमोर हवेत!"

आई म्हणते, अर्धांगाच्या झटक्यापासून तुम्ही उजवा हात शालीखालीच ठेवता. खरं का हो?

क्यूब सोबत पाठवतेय. वरचा थर मुद्दाम बाकी ठेवलाय. तो उजव्या हातानंच फिरवा. बिघडला तर बिघडू दे, पुन्हा जुळवायला मी सुट्टीत येतेच आहे.

तुमची,
धाकटी