अंबाडा कोणी घातला?

महाल, नागपूर
दि. ११ डिसेंबर १९७४

चि. सौ. गोपिकास ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. रामटेकला धान घरात आले, गणपतरावांचा खोकला थांबला, वाचून बरे वाटले. इकडे संत्री स्वस्त झाली आहेत, पण एकटीसाठी आणली की अर्धी सुकतात.

खांद्याचे विचारले आहेस. उन्हाळ्यात हात वर जाईना, तेव्हा तूच महिनाभर राहून माझी वेणीफणी केलीस. दवाखान्यातल्या व्यायामाच्या खोलीत मी अजून जाते. तिथल्या व्यायाम करवून घेणाऱ्या शोभाताई आधी लाल दिव्याचा शेक देतात, मग दंड धरून हात हळूहळू वर नेतात. पहिल्या दिवशी मी एवढी बोंबलले की बाहेरच्या बाकावरचे दोघे उठून घरी गेले!

तुला दर पत्रात लिहिले, दुखणे तसेच आहे. हात बरा झाला म्हणून कळवले तर तू कशाला येशील? शोभाताईंनाही तेच सांगत आले.

काल फजिती झाली. मी "आई गं" म्हणून हात खांद्याशीच अडवला. त्या मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, "मावशी, तुम्ही तर एकट्या राहता न? मंग हा अंबाडा कोणी घालून देल्ला?"

काय सांगू! सकाळी दोन्ही हात मागे नेऊन मीच घातला होता, चांगला घट्ट. नाटक करायला निघाले आणि पुरावा डोक्यावर घेऊन गेले.

"शेजारच्या पंचफुलानं," म्हटले, आणि तेवढ्यात रडूच आले.

त्या रागावल्या नाहीत. "हात बरा झाला तुमचा. सोमवारपासून येऊ नका. बाहेर खरंच दुखणारे लोक बसून राहिले," एवढेच बोलल्या. त्यांचे बरोबरच आहे.

पण गोपे, तुझे भाऊजी गेल्यापासून 'कुठे दुखतं?' असे मला कोणी विचारत नाही. अंगाला कोणाचा हात लागत नाही. तिथे लागत होता, म्हणून जात होते. लिहिताना लाज वाटते आहे, तरी लिहिले.

तर हात बरा आहे. वर जातो, मागेही जातो. तुझ्या मदतीची काही गरज उरली नाही. तरी ये. आलीस की फणी तुझ्या हातात देईन, तेव्हा काही बोलू नकोस, नुसते केस विंचर.

बरी झालेली,
तुझी ताई
मनकर्णा