वजन बावन्न

३ फेब्रुवारी, सोमवार
आज नांदेडजवळच्या या वृद्धाश्रमात कामाला लागलो. जागा स्वच्छ आहे, गच्चीवरून विष्णुपुरी धरणाचं पाणी दिसतं. फळ्यावर 'ह्रदय' लिहिलं होतं, मी पुसून 'हृदय' केलं. शबाना सिस्टर हसल्या. म्हणाल्या, दहावी नापास म्हणे, अन् आमच्या चुका काढतो. मग मीटिंग झाली. नागुबाई आजींचं हृदय कमजोर आहे. अंगात पाणी साचलं की वजन वाढतं. म्हणून रोज सकाळी इथले जुने वॉर्डबॉय नरसिंगमामांनी वजन करायचं, मी वहीत लिहायचं, दोन किलो वाढलं तर सिस्टरनी डॉक्टरांना फोन करायचा. तिघांची एक टीम. फार बरं वाटलं.

६ फेब्रुवारी
मामा वजनाच्या खोलीतून पुकारतात, "नागुबाई, बावन्न." मी अंकात लिहितो, अक्षरातही लिहितो. आत येऊ का विचारलं, तर म्हणाले, "मोजून राहिलो न मी? तुझं अक्षर छापल्यावानी हाय सुगत, तू वही सांभाळ." दुपारी त्यांच्याच डब्यात जेवलो.

१० फेब्रुवारी
आजही बावन्न. पण आजींच्या पायावर बोट दाबलं तर खळगा तसाच राहिला. त्या बसूनच झोपतात. म्हणाल्या, लेकरा, मला काट्यावर कधी उभं करनार? काटा पाहिला. त्यावर धूळ होती.
सिस्टरना सांगितलं. त्यांना माहीत होतं. म्हणाल्या, बाईला धरायला दोघं लागतात, सकाळी कुणाला वेळ आहे? टीममधलं टीममध्ये ठेव, फोन मी उद्या करते.
मी आकडा तसाच ठेवून वही मिटली.

१२ फेब्रुवारी
आजी गेल्या. डॉक्टरांनी वही मागितली. अक्षर कुणाचं, म्हणाले. मामांनी माझ्याकडे बोट केलं. सिस्टर म्हणाल्या, यानं मला रोज बावन्नच दाखवलं.
दोघांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

१३ फेब्रुवारी
वजनाच्या खोलीला कुलूप होतं. मामा माझ्या शेजारी उभे होते. तरी आतून त्यांचाच आवाज आला, "सुगत, बावन्न." मामांनी काहीच ऐकलं नाही. माझा हात लिहून मोकळा झाला.

१५ फेब्रुवारी
चपलेत पाय जात नाही. आडवं पडलं की दम — सिस्टरना म्हटलं, डॉक्टरांना फोन करा. त्यांनी वही उघडली. बावन्नच तर आहे, म्हणाल्या. अक्षर तुझंच न?

१६
काट्यावर उभा राहिलो. आकडा मी पाहिला. वहीत लिहायला गेलो, बावन्न उतरलं. खोडलं. परत बावन्न. म्हणून खरं वजन इथं, रोजनिशीत लिहून ठेवतो. माझं वजन —
बावन्न.
नाही.
बावन्न. बाव