हाफटाइमला मी जे सांगितलं

मी, जोसेफीन मॅकरे, माहेरची तुस्कानो, वय सत्तावन्न, धंदा परिचारिका, मूळ गाव निर्मळ, तालुका वसई, हल्ली राहणार फरीज बिन ओमरान, दोहा, देवाला स्मरून लिहिते की माझं डोकं ठिकाणावर आहे, तब्येत ठणठणीत आहे आणि हा कागद मी कोणाच्या दबावाखाली करत नाही. माझ्यावर दबाव आणून कोणी काही करून घेतल्याचं कोणालाच आठवत नसेल.

१. निर्मळचं घर आणि मागची केळीची वाडी मुलगी ग्लोरिया हिला. तिला मराठी कळतं, पण उत्तर इंग्रजीत देते. वाडीतल्या माणसांशी तिने मराठीतच बोलावं, ही अट.

२. माझे पती ॲलिस्टर यांना त्यांचे खेळायचे जुने बूट. ते मी फेकून दिल्याचं सांगितलं होतं, कपाटावर आहेत. हा माणूस स्कॉटलंडच्या खालच्या डिव्हिजनमध्ये अकरा वर्षं लेफ्ट बॅक खेळला. तीन गोल केले, त्यातला एक स्वतःच्याच संघावर. गुडघा गेल्यावर दोह्यातल्या एका शाळेत कोच म्हणून आला आणि तो गुडघा घेऊन माझ्या वॉर्डात आला. वाकवताना मी त्याला रडवलं. बरा झाल्यावर त्याने मला लग्नाचं विचारलं.

३. दोह्यातल्या आपल्या 'वसईकर इलेव्हन' या फुटबॉल संघाचे सेक्रेटरी चार्ल्स यांना माझी प्लास्टिकची खुर्ची. अठरा वर्षांपूर्वी ॲलिस्टर संघाचा मॅनेजर झाला, तेव्हा हे चार्ल्स म्हणाले, "वहिनी, बाई बेंचवर बरी दिसत नाही." म्हणून मी ती खुर्ची टाकून मैदानाच्या दोरीबाहेर बसले. आता त्यांनी बसावं. पाठीला रग लागते, हे त्यांनाही कळू दे.

४. हे कलम मी गेल्यावर ॲलिस्टरला वाचून दाखवावं. त्याचं स्कॉटिश इंग्रजी संघात एकालाही कळत नसे. गुडघा वाकवता वाकवता मला कळायला लागलं होतं, म्हणून हाफटाइमला चार्ल्स मलाच हाक मारायचे. तो बोलायचा, मी मराठीत सांगायचे.

२०१४ च्या फायनलला आम्ही शून्य-दोनने मागे होतो. ॲलिस्टर ओरडला, "नऊ नंबरला बाहेर काढा, आळशी आहे! बॉल उंच मारा!" नऊ नंबर म्हणजे जॉनसन. तो आळशी नव्हता, उसने घेतलेले बूट त्याला चावत होते. आणि उत्तरेचा शमाल वारा आता आमच्या तोंडावर येणार होता. गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाईला वाऱ्याचं कोणी शिकवायला नको. मी पोरांना सांगितलं, "जॉनसन, बूट बदल, तू खेळणार आहेस. बॉल जमिनीवरूनच. यल्ला, चला!"

तीन-दोन. जॉनसनचे दोन. पेपरात ॲलिस्टरचा फोटो आला आणि खाली लिहिलं होतं, 'मॅनेजरचा धाडसी निर्णय'. तेव्हापासून चार कप आले. अकरा वर्षं मी तोंड शिवून बसले. आता तो मॅनेजरपद सोडतोय, कमिटी नवा माणूस शोधतेय, आणि माझा विचार कोणाच्या मनातही नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

इथवर लिहिलं आणि ॲलिस्टर चहा घेऊन आला. काय लिहितेस, म्हणाला. मेल्यावर कळण्यापेक्षा आत्ताच कळू दे, म्हणून सगळं सांगून टाकलं.

तो हसत सुटला. "जोसी, नऊ नंबरला काढा म्हणालो, आणि पुढची पंचेचाळीस मिनिटं नऊ नंबर माझ्यासमोर पळत होता. मला आकडे येतात."

"मग बोलला का नाहीस?"

"जिंकत होतो ना! त्यानंतर तर मी हाफटाइमला काहीही बडबडायचो. तू काय सांगतेस ते बघायला."

मग त्याने राजीनाम्याचं पत्र दाखवलं. कालच दिलंय. त्यात चारही कप माझ्या नावावर लिहिलेत, आणि खाली एक ओळ: नवा मॅनेजर शोधू नका, तो अठरा वर्षं दोरीबाहेर बसलाय. मला रडू फुटलं. आनंदाने फुटलं, हे साक्षीदारांसमक्ष नमूद करते. तेवढ्यात चार्ल्सचा फोन: "वहिनी, शुक्रवारी चर्चमधल्या मिसानंतर मॅच आहे. टीम कोण?"

मी अकरा नावं सांगितली.

५. संघ कोणाच्या हवाली करायचा, हे कलम मी लिहिणार होते. ते लिहीत नाही. संघ माझा आहे आणि मी अजून जिवंत आहे.

बाकीचा मजकूर कायम. वाचून, समजून सही केली.

ठिकाण: दोहा
दिनांक: १२ नोव्हेंबर २०२५, बुधवार

साक्षीदार:
१. नुपूर सहस्रबुद्धे, शेजारीण
२. रिफत अन्सारी, सहकारी परिचारिका

(सही)
जोसेफीन मॅकरे
मॅनेजर, वसईकर इलेव्हन