शेवटचा हातभर सिनेमा

आप्पा, तुमच्या माघारी तुमचा तो पत्र्याचा डबा आज माकुणसारला आपल्या ओट्यावर उघडलाय. मुंबईहून जुन्या सिनेमांचे एक संग्राहक आलेत. आल्या आल्या त्यांनी गॅस बंद करायला लावला, देवापुढचं निरांजनही शांत करायला सांगितलं. ही फिल्म ठिणगीनंही पेटते म्हणे. मला हसूच आलं. तुम्हीही या डब्याला चुलीच्या वाऱ्याला उभं करत नव्हतात.

तुम्ही जिथे रिळं जोडून सिनेमा दाखवायचात ते पालघरचं टॉकीज बंद झालं तेव्हा सगळी रिळं भंगारात चालली होती, त्यातलं हे एकच तुम्ही उचलून आणलंत. जपान्यांशी लढाई चालू असताना चीनमध्ये काढलेल्या सिनेमाचं शेवटचं रीळ. दर थंडीत चिकूच्या सावलीत तुम्ही ते उलगडायचात, फिल्म कुजत तर नाही ना म्हणून वास घेऊन बघायचात, आणि मोकळं टोक माझ्या हातात असायचं. हातभर फिल्म म्हणजे चोवीस चित्रं, म्हणजे एक सेकंद, हे तिथेच शिकवलंत. एका वर्षी टोक हातभर कमी निघालं. आईनं माझ्याकडे रोखून पाहिलं. तुम्ही डब्याचं झाकण लावत म्हणालात, "माज्याच हातून तुटली. पोरीला कशाला इचारतेस?" त्यानंतर तो डबा तुम्ही कधी उघडला नाहीत.

संग्राहक सांगतात, या सिनेमाचा शेवट दुसऱ्या कुणाकडे असल्याचं ऐकिवात नाही. जळत्या गावातून निघालेली बाई मागे वळून बघते की नाही, यावर त्यांची मंडळी वर्षानुवर्षं हुज्जत घालतायत. फिल्म उजेडाला धरून ते एकेक चित्र बघत गेले, आणि रीळ संपत आलं तसे पुढे झुकले. मीही. बाई पाठमोरी असतानाच फिल्म संपली. पुढचं कुठे आहे, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, वडिलांच्या हातून तुटलं. त्यांनी टोक भिंगाखाली धरलं.

"ही तुटलेली नाही, कात्रीनं कापलीय. रोज फिल्म जोडणाऱ्या माणसाला हे बघताक्षणी कळतं."

पाणी आणते म्हणून आत आलेय आणि हे लिहीत बसलेय. म्हणजे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं, आप्पा. आणि मी आज पुन्हा तुमचंच नाव पुढे केलं. मी कापलेली ती पट्टी माझ्या पेटीत साड्यांच्या तळाशी आहे. ती बाई वळून बघते. भीतीपोटी गप्प राहिले असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले, ते खोटं आहे. तिचं ते वळून बघणं मला एकटीलाच हवं होतं. बाहेर ते पाण्यासाठी खोळंबलेत, आणि अजूनही ती पट्टी द्यायला माझं मन होत नाही.