सुधारून वाढवलेल्या चुका

ती. स्व. अक्का,

तुझ्या धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (या खेपेला खरोखर जमिनीला नाक लावून. कारण पुढे येतंच आहे.) तुझे गुडघे काय म्हणतात? दाजींचा खोकला बसला का? भाची पत्र नीटनेटकं लिहिते, पण सगळं 'इकडे क्षेम' एवढ्यात उरकते. माझी तब्येत ठणठणीत आहे, फक्त तोंड दाखवायला जागा उरलेली नाही.

तुला माहीतच आहे, आमच्या छापखान्यात मुद्रितं तपासणारा इंग्रजीवाला मी एकटाच. मालक ओळख करून देताना 'आमचे डिक्शनरीसाहेब' म्हणतात आणि मी लाजल्यासारखं करून मान डोलावतो. गेल्या महिन्यात एक निवृत्त नर्सबाई वही घेऊन आल्या. मूळच्या कुठल्याशा दूरच्या डोंगराळ मुलखातल्या गोऱ्या बाई. त्यांची आई नव्वदीची, दृष्टी गेलेली, आणि हल्ली माणसंही विसरायला लागलेली. आईने सांगितलेल्या लहानपणच्या गोष्टी बाईंनी तिच्याच गावाकडच्या इंग्रजीत, ती बोलते तश्शा उतरवून घेतल्या होत्या. वाढदिवसाला पुस्तक करून तिला वाचून दाखवायच्या होत्या. निदान आपल्या गोष्टींतून तरी ती लेकीला ओळखेल, एवढीच आशा. (हे सगळं त्यांनी मला पहिल्या दिवशीच सांगितलं म्हणे. मी तेव्हा चष्मा पुसत होतो.)

वही उघडली आणि माझं टाळकंच फिरलं. 'नथिंग'च्या जागी 'नाऊट', 'समथिंग'च्या जागी 'समट', पानोपानी असलाच गोंधळ! म्हटलं, गोरी असून हिला एवढंही येत नाही? (खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला.) पहिल्या पानाला चिठ्ठी टाचलेली होती, स्पेलिंग आहे तसंच ठेवावं. त्या चिठ्ठीतही मला दोन चुका सापडल्या. त्या सुधारल्या आणि चिठ्ठी फायलीला लावून टाकली.

अडलं की विचारावं, एवढी साधी रीत. पण डिक्शनरीसाहेबांनी विचारायचं म्हणजे काय! एके ठिकाणी होतं, 'अमक्याच्या आईच्या घरावर काळं झालंय.' आभाळ भरून आलं की तिकडे असं म्हणतात, हे आता कळलं. मला वाटलं, गेली बिचारी. मी 'अमक्याची आई वारली' असं केलं, आणि फार कोरडं दिसतंय म्हणून 'ईश्वर तिच्या आत्म्यास शांती देवो' हे पदरचं घातलं. पुढच्याच ओळीत सगळे दोरीवरचे कपडे काढायला धावत होते. म्हटलं, असेल त्यांच्यात पद्धत.

बाईंनी कच्ची प्रत घरी नेऊन आईला वाचून दाखवली आणि दुसऱ्या दिवशी परत आल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं गं. त्यांनी हळू आवाजात एवढंच सांगितलं, की दोन पानं ऐकून आईने विचारलं, या कोण बाई बोलतायत? मोठ्या घरच्या दिसतात, चहा देऊन वाटेला लावा. आणि अमक्याची आई, म्हणजे तिची जुनी शेजारीण, गेल्याचं ऐकून म्हातारी दुपारभर रडली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं लोकांच्या चुका काढतोय, पण आपल्या हातून असं काही होईल हे मनातसुद्धा आलं नव्हतं.

वाढदिवसाला आठ दिवस होते. आमच्या धंद्यात एक खूण आहे. चुकून खोडलेल्या शब्दाखाली बारीक ठिपके द्यायचे, म्हणजे जुळणी करणाऱ्याला समजतं की हे राहू दे, मूळचंच बरोबर आहे. बाई शेजारी बसून आईच्या ढंगात मोठ्याने वाचायच्या आणि मी ठिपके देत जायचो. गंमत म्हणजे, कानावर पडल्यावर निम्मं आपोआप कळायला लागलं. उरलेलं मी विचारलं. (हो, विचारलं!) सगळ्या वहीला गोवर आल्यासारखं झालं.

काल वाढदिवस झाला. मलाही आग्रहाने बोलावलं होतं. मी दारातच अवघडून उभा राहिलो. बाईंनी पहिली ओळ वाचली आणि दुसरी म्हातारीनेच म्हटली. तिसरीही. मग लेकीचा हात चाचपून तिला लहानपणच्या लाडक्या नावाने हाक मारली. मी तोंड फिरवून भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहिलो. (त्यात दोन चुका होत्या. बोललो नाही.)

बाकी सर्व ठीक. दाजींना नमस्कार, भाचीला आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. भाचीचं अक्षर सुरेख आहे, पण पुढचं पत्र तू तुझ्या हाताने लिही. बोलतेस तसंच लिही.

आणखी एक. मी वसतिगृहात असताना तू चुलीपुढे बसून लिहिलेलं पत्र मी लाल शाईने तपासून तुलाच परत धाडलं होतं, वर 'एकोणतीस चुका' असा शेरा मारून. त्यानंतर तुझ्या हातचं एक अक्षर मला आलेलं नाही. ते पत्र तू फेकलं नसणार, सुतळीचा तुकडा तरी तू कधी फेकलायस का? तेवढं पाठवून दे. ठिपके द्यायचे राहिलेत.